दीड डॉलरची मोटार

वकिलाने खेळण्यांचा धंदा काढावा हे जरा विचित्रच. पण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 1948 साली वेस्ट गॅलॉगली या वकिलाने नेमके तेच केले. फोर्डच्या त्या वेळच्या सेडानची छोटी प्रतिकृती त्याने ॲल्युमिनियममध्ये ओतवून घेतली आणि तिला फोर्डचाच अस्सल रंग दिला. फोर्ड कंपनीत त्याच्या ओळखी होत्या. त्या वापरून त्याने ही गाडी खेळण्यांच्या दुकानांऐवजी थेट फोर्डच्या विक्रेत्यांकडे पोचवली. कंपनीचे नाव ठेवले ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज. थोड्याच काळात ॲल्युमिनियम मागे पडले आणि प्लास्टिक आले, त्यामुळे नावातली आद्याक्षरे तेवढी उरली: एएमटी. पुढची पंधरा-वीस वर्षे अमेरिकेतल्या पोरांच्या टेबलांवर या तीन अक्षरांचे राज्य होते.

या छोट्या गाड्यांना धंद्यात ‘प्रोमो’ म्हणत. बाप शोरूममध्ये हप्त्यांचा हिशेब करत बसला की पोराच्या हातात प्रोमो यायचा. घरी गेल्यावर पोराची भुणभुण सुरू व्हायची, आणि विक्रेत्याला तेच हवे असायचे. प्रोमो कंपनीच्या त्या वर्षीच्या रंगांतच येत, म्हणजे प्लास्टिकच त्या रंगाचे ओतलेले असे. विक्रेता तो गिऱ्हाइकापुढे रंगाचा नमुना म्हणूनही धरू शके. डेट्रॉइटमध्ये जॉन हॅन्लीची जो-हॅन ही कंपनी कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलचे प्रोमो करी. प्रोमो गाडीसोबतच बाजारात यायला हवेत, म्हणून मोटार कंपन्या आपले गुप्त आराखडे या छोट्या कारखान्यांकडे महिनोन्‌महिने आधी सोपवत. डेट्रॉइटसारख्या संशयी गावात हा विश्वास थोडाथोडका नव्हता.

सुरुवातीचे प्लास्टिक मात्र दगाबाज होते. सेल्युलोज ॲसिटेट काही वर्षांत आकसते आणि पिळवटते. आज संग्राहकांकडे असलेल्या 1950 च्या दशकातल्या कित्येक प्रोमोंचा टप खाली बसलेला असतो आणि बंपरची टोके वर उचललेली असतात, जणू कोणी गाडी उन्हात विसरून गेले आहे. पुढे पॉलिस्टायरीन आले आणि हे दुखणे संपले. पॉलिस्टायरीन आकार धरून राहते आणि तापवून दाबाने पोलादी साच्यात सोडले की केसाएवढ्या रेघाही उमटवते. ते जोडायला वापरतात ते ‘सिमेंट’ही खऱ्या अर्थाने चिकटवत नाही. ते द्रावक असते, दोन्ही कडा किंचित विरघळवते आणि सुकताना त्यांना एकजीव करते. प्लास्टिकच्या गाड्या जोडण्याचा सगळा छंद रसायनशास्त्राच्या या दोन गुणांवर उभा आहे.

प्रोमोवर पोराला करण्यासारखे काही नव्हते. गाडी कशी दिसावी हे कंपनीने ठरवलेले, रंगसुद्धा कंपनीचाच. मोटारीच्या आकारात मुलांना हात घालू देण्याचा प्रयोग अमेरिकेत त्याआधीच झाला होता, पण त्याचे स्वरूप अगदी वेगळे होते. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने 1930 मध्ये ‘क्राफ्ट्समन्स गिल्ड’ नावाची स्पर्धा सुरू केली. आधी मुलांना नेपोलियनच्या काळातल्या राजेशाही घोडागाडीची प्रतिकृती करावी लागे. 1937 पासून स्वतःच्या कल्पनेतल्या मोटारीचे मॉडेलही चालू लागले. लाकूड कोरायचे, प्लास्टर ओतायचे, थरावर थर रंग चढवायचा आणि घासायचा. महिनोन्‌महिने चालणारे हे काम फक्त मुलग्यांसाठी होते, मुलींना प्रवेशच नव्हता. बक्षीस म्हणजे कॉलेजची शिष्यवृत्ती. 1947 चा राष्ट्रीय विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. तेव्हा ही स्पर्धा म्हणजे कंपनीची नोकरभरती होती असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. स्पर्धा 1968 मध्ये बंद झाली. लाकूड कोरणाऱ्या पोरांची जागा तोवर दुसऱ्याच जातीच्या पोरांनी घेतली होती.

सुट्टे भाग खोक्यात भरून विकायची कल्पना इंग्लंडात आधीपासून होती. 1936 मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने विमानांचे प्लास्टिक संच निघाले होते. निकोलस कोव्ह या हंगेरियन स्थलांतरिताच्या एअरफिक्स कंपनीकडे 1940 च्या दशकाच्या शेवटी फर्ग्युसन ट्रॅक्टरचे काम आले. फर्ग्युसनच्या विक्री प्रतिनिधींना जवळ बाळगायला छोटा ट्रॅक्टर हवा होता. तो जोडून देण्याची मजुरी परवडेना, आणि पुढे तोच ट्रॅक्टर न जोडता खोक्यातून विकला गेला. गंमत अशी की अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना या धंद्याचा जन्म विक्रेत्याच्या बॅगेत झाला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या लुई ग्लेझरने रेव्हेल कंपनी उभारली. गाउलँड यांनी तयार केलेल्या जुन्या मोटारींच्या छोट्या प्रतिकृती त्याने 1951 पासून ‘हायवे पायोनियर्स’ या नावाने संच म्हणून बाजारात आणल्या. त्या 1/32 प्रमाणातल्या, मॉडेल टी फोर्डच्या काळातल्या खटारा गाड्या होत्या. गाड्या खपल्या, पण पोराला शेजारच्या अंगणात उभी असलेली गाडी हवी होती, आजोबांच्या काळातली नव्हे.

ती मिळाली 1958 मध्ये. एएमटीने आपल्या प्रोमोचेच साचे वापरले, गाडी जोडायची ठेवली आणि खोक्यात जादा भाग घातले. एकाच संचातून तीन गाड्या होऊ शकत: कारखान्यातून निघते तशी, हौसेने फेरफार केलेली किंवा शर्यतीची. ‘थ्री इन वन’ हे शब्द खोक्यावर ठळक छापलेले असत. किंमत दीड डॉलरच्या आसपास, म्हणजे पोराच्या खाऊच्या पैशांतून दोन-तीन आठवड्यांत जमण्यासारखी. प्रमाण 1/25. आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी जेमतेम चार मीटर लांब होती. या मापात ती सुमारे 16 सेंटिमीटर झाली असती. डेट्रॉइटच्या पंखवाल्या गाड्या मात्र 22-23 सेंटिमीटरच्या होत, टेबलावर चांगली ऐसपैस जागा अडवणाऱ्या.

वरवर पाहता ही विक्रीची क्लृप्ती होती. पण तिने एक मोठा बदल घडवला. गाडी कशी दिसावी, हा प्रश्न आता कुठल्याही दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हाती गेला. मागचे पंख कापायचे की ठेवायचे, टप जरा खाली आणायचा की नाही, पुढचा जाळीदार मुखडा कुठल्या गाडीचा लावायचा, हे सगळे तोच ठरवू लागला. डेट्रॉइटच्या डिझायनरांनी वर्षानुवर्षे घासून सिद्ध केलेल्या रेषा हा पोरगा करवतीच्या एका पात्याने निकालात काढी, आणि कारखाना त्यासाठी जादा भाग पुरवी.

यामागे कॅलिफोर्नियातले गॅरेजवाले होते. हे लोक जुन्या फोर्ड-मर्क्युरी गाड्या कापून, बुटक्या करून, नवे रंग देऊन रस्त्यावर मिरवत. त्यातला सर्वांत प्रसिद्ध उस्ताद जॉर्ज बॅरिस एएमटीचा सल्लागार झाला. त्याची ‘आला कार्ट’ नावाची पिकअप 1958 आणि 1959 अशी लागोपाठ दोन वर्षे ओकलंडच्या प्रदर्शनात अमेरिकेतली सर्वांत देखणी रोडस्टर ठरली होती. तिचाही संच निघाला. रेव्हेलने एड रॉथला गाठले. हा फायबरग्लासमधून कुठल्याच कारखान्याशी नाते न सांगणाऱ्या गाड्या घडवी. ‘आउटलॉ’ 1962 मध्ये आणि ‘बीटनिक बँडिट’ 1963 मध्ये संच म्हणून बाजारात आली. ‘बिग डॅडी’ हे रॉथचे टोपणनाव रेव्हेलच्या प्रसिद्धी विभागाने जोडले. प्रत्येक खोक्यामागे त्याला एक सेंट मिळे, आणि लाखो खोकी खपली की एका सेंटचीही चांगली रक्कम होते.

या सगळ्यात जोडणीपेक्षा रंगाचे काम अवघड. आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात जे चालते तेच सगळे इथे, फक्त पंचविसाव्या हिश्शात. फटी लांबीने भरायच्या, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचे, प्रायमर मारायचा आणि मग रंग. कॅलिफोर्नियाचा जो बेलन ‘कँडी ॲपल’ या लाल रंगासाठी ओळखला जाई. त्याची युक्ती अशी की आधी चंदेरी किंवा सोनेरी थर द्यायचा आणि त्यावर पारदर्शक लाल रंगाचे थर चढवायचे. प्रकाश वरून आत शिरतो, खालच्या चमकीवर आपटतो आणि लाल होऊन परततो. टेस्टर्स आणि पॅक्ट्रा या कंपन्यांनी ही चैन लहान बाटल्यांत आणि स्प्रेच्या डब्यांत भरून पोरांना विकली.

पण स्टायरीनला रंगाचे स्वतःचे नखरे असतात. मोटारीचा खरा लॅकर त्यावर सरळ मारला की द्रावक प्लास्टिकलाच खातो आणि पृष्ठभागावर बारीक तड्यांचे जाळे उमटते. म्हणून मध्ये प्रायमर हवाच. इनॅमल प्लास्टिकला जपते, पण वाळायला दिवस घेते आणि तोवर हवेतला प्रत्येक कण झेलते. डबा लांबून मारला तर थेंब वाटेतच सुकतात आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. जवळून मारला तर ओघळ येतो. अनुभवी पोरे डबा आधी कोमट पाण्यात ठेवत, म्हणजे आतला दाब वाढून फवारा बारीक निघे. वाळल्यावर पुन्हा अतिशय बारीक पॉलिश पेपर आणि मग पॉलिश. बिघडलेला रंग उतरवायला गाडीचे ब्रेक ऑइल उपयोगी पडे, कारण ते रंग सोडवी आणि प्लास्टिकला धक्का लावत नसे. वडिलांच्या गॅरेजमधून ब्रेक ऑइलची बाटली गायब होण्याचे हे एक कारण.

चकचकीत भागांची वेगळीच तऱ्हा. बंपर, जाळी, चाकांच्या तबकड्या कारखान्यातूनच आरशासारख्या येत. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा थर प्लास्टिकवर बसवला जाई. तो काढायचा झाला तर घरात कपड्यांसाठी आणलेले ब्लीच पुरे. भाग त्यात बुडवला की चमक थोड्या वेळात विरघळून जाई. खिडक्यांच्या कडांच्या पट्ट्यांवर मात्र चंदेरी रंग कुंचल्यानेच द्यावा लागे, आणि बहुतेक गाड्यांचे हेच दुबळे अंग असे. मागून चिकटणारी, कागदापेक्षा पातळ धातूची फॉइल मिळू लागली तेव्हा ही अडचण सुटली. पट्टीवर फॉइल दाबायची, धारदार पात्याने कडेने कापायची आणि उरलेली सोलून काढायची. हात थरथरला की पाते रंगात उतरते आणि सगळे पहिल्यापासून.

साच्यांची कथा पेंटिंगइतकी चमकदार नाही, पण या इतिहासाची किल्ली तिच्यातच आहे. साधा साचा दोन अर्ध्या भागांचा असतो, वर-खाली उघडतो. मोटारीच्या बाजूला मात्र खोल वळणे आणि रेघा असतात, पुढे जाळी, मागे दिव्यांच्या खोबण्या. असा भाग सरळ वर उचलता येत नाही. मग साच्याच्या भिंतीच चारही बाजूंना मागे सरकतील अशी रचना झाली आणि अख्खी बॉडी एका तुकड्यात निघू लागली. या तंत्राचे श्रेय एएमटीत काम केलेल्या जॉर्ज टोटेफला दिले जाते. 1963 मध्ये त्याने स्वतःची एमपीसी कंपनी काढली आणि जुन्या मालकाशीच स्पर्धा सुरू केली.

असा पोलादी साचा महागडा. म्हणून दरवर्षी नवा साचा करण्याऐवजी जुनाच कोरून, भरून पुढच्या वर्षाचा केला जाई. खरी मोटार कंपनीही दरवर्षी त्याच गाडीचा मुखडा आणि शेपटी बदलत होतीच. परिणाम असा की 1962 ची गाडी बाजारात आली तेव्हा 1961 चा साचा जगात उरला नव्हता. दीड डॉलरची ती खोकी आज संग्राहक जपून ठेवतात त्यामागे हे साधे यांत्रिक कारण आहे. कोणी मनात आणले तरी ती पुन्हा छापता येत नव्हती.

1960 च्या दशकात खऱ्या गाडीचा आणि छोट्या गाडीचा क्रमच उलटा होऊ लागला. फोर्डने 1955 मध्ये लिंकन फ्युचुरा ही प्रदर्शनी गाडी इटलीतून बांधून घेतली होती, आणि रेव्हेलने लगेच 1956 मध्ये तिचा संच काढला होता. पुढे ती खरी गाडी एका डॉलरच्या नाममात्र किमतीत बॅरिसकडे गेली आणि त्याने तिची दूरचित्रवाणीवरची बॅटमोबिल केली. एएमटीने तर खऱ्या गाड्यांचे स्वतःचे वर्कशॉपच काढले, ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये. ‘स्टार ट्रेक’च्या यानाचा संच विकण्याचे हक्क मिळवताना कंपनीने मोबदला म्हणून मालिकेसाठी पूर्ण आकाराचे ‘गॅलिलिओ’ हे छोटे यान याच वर्कशॉपकडून बांधून दिले. शिकागोच्या मोनोग्राम कंपनीचा चित्रकार टॉम डॅनियल 1968 मध्ये ‘रेड बॅरन’ घेऊन आला. टपाच्या जागी पहिल्या महायुद्धातले जर्मन शिरस्त्राण असलेली ही गाडी तेव्हा रस्त्यावर कुठेच नव्हती. संच इतका खपला की कोणी तरी प्रदर्शनासाठी ती खरोखरच बांधली. दोन दशकांपूर्वी फोर्डच्या सेडानची मुकाट नक्कल करणारा धंदा आता मोटारी सुचवू लागला होता. या छंदाच्या इतिहासात याहून गमतीदार काळ नाही.

घरातल्या मोठ्यांना मात्र एका गोष्टीची काळजी होती. सिमेंटमधला द्रावक हुंगून नशा करण्याचे प्रकार वाढले. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले आणि गावोगाव विक्रीवर बंधने येऊ लागली. टेस्टर्सने 1969 मध्ये आपल्या गोंदात मोहरीचे झणझणीत तेल मिसळले, म्हणजे नाक जवळ नेणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येईल. इलाज स्वस्त होता आणि बऱ्यापैकी चालला.

भरती ओसरायला त्याआधीच सुरुवात झाली होती. 1960 च्या दशकाच्या मध्यात विजेवर धावणाऱ्या स्लॉट कारच्या वेडाने पोरांचे पैसे पळवले. पुढे 1973 च्या तेलसंकटात प्लास्टिकच महागले. 1978 मध्ये एएमटी इंग्लंडच्या लेस्नीकडे, म्हणजे मॅचबॉक्सवाल्यांकडे गेली आणि काही वर्षांत अर्टलकडे. रेव्हेल आणि मोनोग्राम 1986 मध्ये एका छत्राखाली आल्या. एअरफिक्स 1981 मध्ये बुडाली आणि हातोहात फिरली.

मध्यंतरी सूत्रे जपानकडे सरकली होती, तीही एकाच गावाकडे. शिझुओका हे लाकूडकामाचे जुने केंद्र. तोकुगावा शोगुनांच्या काळात इथली मोठी मंदिरे बांधायला आलेले सुतार तिथेच स्थायिक झाले, असे गावकरी सांगतात. योशिओ तामियाने 1946 मध्ये सुरू केलेली लाकडाची वखार आधी लाकडी मॉडेले करू लागली आणि 1960 च्या सुमारास प्लास्टिककडे वळली. पहिला प्लास्टिक संच, यामातो युद्धनौकेचा, तोट्यात गेला. कंपनी तरली ती एका साध्या, खेळण्यासारख्या छोट्या रेसिंग कारवर, आणि तिचे साचेही दुसऱ्या खेळणीवाल्याकडून मिळालेले जुने होते. हासेगावा, आओशिमा, फुजिमी या कंपन्याही याच भागातल्या.

तामियाने प्रश्न पुन्हा बदलला. गाडी कशी दिसावी हे कंपनीने ठरवायचे नाही आणि पोरानेही नाही. गाडी आहे तशी मोजायची. 1967 मध्ये 1/12 प्रमाणातली होंडाची फॉर्म्युला वन गाडी आली, इंजिनाच्या नळ्यांसकट. पोर्शचा संच करताना संस्थापकाचा मुलगा शुन्साकु तामिया याने सरळ एक पोर्श 911 विकत घेतली आणि ती सुटी करून मोजली. 1976 मध्ये पोर्श 934 चा संच निघाला. त्याचा खर्च भरून काढायला त्याच बॉडीत मोटर बसवून रिमोटवर चालणारी गाडी केली, आणि कंपनीच्या एका नव्या धंद्याची सुरुवात झाली. जोडणीच्या पत्रकात प्रत्येक भागापुढे रंगाचा क्रमांक. फेरारीचा लाल हवा असेल तर स्प्रेचा टीएस-8.

तामियाचे भाग असे बसतात की सिमेंट लावण्याआधीच गाडी उभी राहावी. एएमटीच्या जुन्या संचात बॉनेटला फट, चाके एका बाजूला झुकलेली आणि खोक्यावरचे चित्र आतल्या मालापेक्षा पुष्कळ उमदे. तरीही शिझुओकाच्या खोक्यात ज्वाळांचे स्टिकर आणि दोन जादा मुखडे नसतात, हे नोंदवायला हवे. तिथे चूक करायला वाव कमी, आणि मस्ती करायलाही.

आज दोन्हीकडचे गिऱ्हाईक पिकल्या केसांचे आहे. रेव्हेलची मालक कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि रेव्हेल एका जर्मन गुंतवणूक संस्थेने घेतली. एएमटी आणि एमपीसीची नावे इंडियाना राज्यातल्या राउंड टू या कंपनीकडे आहेत. ती जुनी प्रोमो आणि न जोडलेली खोकी संगणकावर मोजून हरवलेले साचे नव्याने कोरवते. पूर्वी ज्या पोरांनी पंख कापून टाकले, त्यांतले बरेच जण आता त्याच गाडीला कारखान्याच्या रंगसंकेतानुसार मिसळून दिलेला रंग मागवतात आणि आतल्या आसनांचा पट चुकला तर हळहळतात. बाकीचे अजूनही टप कापतात, इंजिन त्रिमितीय छपाईयंत्रावर स्वतः छापतात आणि कँडीचे थर चढवतात. स्पर्धांमध्ये या दोघांचे वर्ग वेगवेगळे ठेवावे लागतात, कारण एकाची खूण ती दुसऱ्याची चूक. परीक्षक हातात छोटा टॉर्च घेऊन दोन्ही टेबलांवर वाकतात आणि बहुधा गाडीचा खालचा भाग आधी पाहतात, कारण तिथे रंग द्यायचा कंटाळा बहुतेकांनी केलेला असतो.